संदेशरूपी इंटरप्ट आणि लिनक्सचा ड्रायव्हर: एमएसआय व एमएसआय-एक्स पायरीपायरीने

पीसीआय या बसवर जोडलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर (ते चालवणारा कर्नलमधील कोड) पहिल्यांदा लिहिणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. कोड कंपाइल होतो, मॉड्यूल चढते, उपकरणाची रजिस्टरे वाचता येतात, इंटरप्टची, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या इशाऱ्याची, नोंदणीही विनातक्रार होते. पण इंटरप्ट काही येत नाही. याहून त्रासदायक प्रकार म्हणजे तो हजारो वेळा व्यवस्थित येतो आणि एखाद्या दिवशी, यंत्रणेवर भार असताना, एकदाच चुकतो आणि त्यानंतर कायमचा थांबतो. अशा तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ मला एकाच गैरसमजात सापडले आहे. ड्रायव्हर लिहिणारा मनात इंटरप्टची एक वायर धरून चाललेला असतो, आणि आजच्या उपकरणांत तो इंटरप्ट म्हणजे उपकरणाने ठरावीक पत्त्यावर केलेले मेमरी-लेखन असते. पुढील प्रत्येक पायरी या एका वस्तुस्थितीतून निघते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

या लेखात फंक्शनांची व फ्लॅगांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कर्नलच्या कोडमध्ये ती याच अंडरस्कोरांसह रोमन अक्षरांत सापडतील; फंक्शने लहान अक्षरांत, फ्लॅग मोठ्या अक्षरांत.

वायर जाऊन संदेश कसा आला

मूळच्या पीसीआय बसवर इंटरप्टसाठी ए, बी, सी, डी अशा चार वायरी होत्या. त्या पातळीवर चालत: उपकरणाने वायर खाली ओढून धरली की ती धरलेली आहे तोवर इंटरप्ट जिवंत. अनेक उपकरणांना एकच वायर वाटून घ्यावी लागे, त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरला आधी आपल्याच उपकरणाचे स्थिती-रजिस्टर वाचून 'हे माझे आहे का' असे विचारावे लागे. १९९८ मधील पीसीआय २.२ मानकाने याला पर्याय म्हणून एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट, म्हणजे संदेशरूपी इंटरप्ट) आणला आणि २००४ च्या पीसीआय ३.० मध्ये त्याच्या विस्तारित प्रकाराचा, एमएसआय-एक्सचा, समावेश झाला. पीसीआय एक्सप्रेसमध्ये तर इंटरप्टच्या वायरी उरल्याच नाहीत; जुन्या पद्धतीची गरज पडलीच, तर 'वायर ओढली' आणि 'वायर सोडली' असे दोन संदेश पाठवून तिची नक्कल केली जाते.

एमएसआयमध्ये कर्नल उपकरणाच्या कॉन्फिगरेशन जागेत एक पत्ता आणि एक छोटा अंक लिहून ठेवतो. उपकरणाला काही सांगायचे असेल तेव्हा ते तो अंक त्या पत्त्यावर लिहिते. एवढाच तो इंटरप्ट. एक्स८६ यंत्रांवर हा पत्ता हेक्स एफईई या अंकांनी सुरू होणाऱ्या प्रदेशात असतो, पत्त्यातील १२ ते १९ हे बिट कोणत्या प्रोसेसरकडे जायचे ते सांगतात आणि लिहिलेल्या अंकातील खालचे ८ बिट व्हेक्टर क्रमांक, म्हणजे प्रोसेसरला कोणता इंटरप्ट आला ते कळवणारा क्रमांक, सांगतात. आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट-नियंत्रकाच्या आवृत्ती ३ मध्ये हेच लेखन आयटीएस नावाच्या भागाच्या रजिस्टरवर जाते आणि कोणत्या उपकरणाने कोणता अंक लिहिला यावरून इंटरप्ट ठरतो. पत्त्याचा अर्थ यंत्रागणिक असा बदलत असल्यामुळे ड्रायव्हरने तो स्वतः कधीही लिहू नये. ते काम कर्नलचे आहे.

दोन प्रकारांतील फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. एमएसआयमध्ये पत्ता एकच असतो आणि व्हेक्टर १, २, ४, ८, १६ किंवा ३२ अशाच संख्येने, सलग मिळतात. उपकरण अंकाचे खालचे बिट बदलून त्यांतील एक निवडते. एमएसआय-एक्समध्ये उपकरणाच्या एखाद्या बारमध्ये (त्याची रजिस्टरे जेथे दिसतात त्या पत्त्यांच्या पट्ट्यात) १६ बाइटांच्या नोंदींचा तक्ता असतो, त्यात जास्तीत जास्त २०४८ नोंदी असू शकतात आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पत्ता, स्वतंत्र अंक व तेवढाच इंटरप्ट रोखणारा स्वतंत्र मास्क-बिट असतो. त्यामुळे उपकरणाच्या कामाच्या प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोअरकडे पाठवणे एमएसआय-एक्समध्ये सरळ जमते. एक्स८६वर इंटरप्ट-रीमॅपिंग (इंटरप्टचे संदेश वळवण्याची हार्डवेअरमधील सोय) चालू नसेल, तर लिनक्स साध्या एमएसआयचा एकच व्हेक्टर देतो, मग उपकरण ३२ मागत असले तरीही.

सरावासाठी उपकरण

खऱ्या कार्डावर शिकण्यापेक्षा क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रणालीतील 'एज्यू' हे शिकवणीसाठी बनवलेले उपकरण घ्यावे, असा माझा आग्रह आहे. त्याचा उत्पादक क्रमांक हेक्स १२३४ आणि उपकरण क्रमांक हेक्स ११ई८ आहे. त्याला १ मेगाबाइटचा एक बार आणि एमएसआयचा एक व्हेक्टर आहे. हेक्स ६० या ऑफसेटवर शून्याखेरीज कोणताही अंक लिहिला की इंटरप्ट उठतो, हेक्स २४ वर त्याची स्थिती वाचता येते आणि हेक्स ६४ वर पोच (इंटरप्ट पाहिल्याची खूण, जी स्थितीतील बिट पुसते) द्यायची असते. हेक्स ८० च्या खालील सर्व रजिस्टरांना ४ बाइटांनीच हात लावावा लागतो. चूक झाली तर बिघडते ती आभासी यंत्रणा, आणि ती पुन्हा सुरू करायला काही सेकंद पुरतात.

पायरी १: उपकरण जागे करणे आणि बस-मास्टरचा बिट

उपकरण सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचे जे प्रोब फंक्शन बोलावतो त्यात आधी पीसीआय_एनेबल_डिव्हाइस, मग बारांचा ताबा घेणे व ते मॅप करणे, मग डीएमए (उपकरणाने स्वतःच मेमरीत वाचन-लेखन करणे) मास्क ठरवणे, हा क्रम परिचित असतो. यात बस-मास्टरचा बिट चालू करणारे पीसीआय_सेट_मास्टर हे एक फंक्शन राहून जाते, आणि माझ्या हातूनही ते एकदा राहिले होते. आमच्या कार्डाचा तो ड्रायव्हर डीएमए करतच नव्हता, म्हणून बस-मास्टरचा बिट मला अनावश्यक वाटला. व्हेक्टर मिळाला, नोंदणी झाली, कुठेही त्रुटी नव्हती. फक्त इंटरप्टचा आकडा दोन दिवस शून्यावर थांबून राहिला. कारण आता उघड आहे: एमएसआय हे उपकरणाने स्वतःहून केलेले मेमरी-लेखन आहे आणि बस-मास्टरचा बिट बंद असलेल्या उपकरणाला असे लेखन करण्याची मुभाच नसते. वायरीच्या इंटरप्टला हा बिट लागत नाही, त्यामुळे जुना ड्रायव्हर एमएसआयवर नेताना ही चूक विशेष होते. 'एज्यू'वर ती मुद्दाम करून पाहावी.

पायरी २: व्हेक्टर मागणे

लिनक्स ४.८ पासून (२०१६) यासाठी एकच फंक्शन पुरेसे आहे: पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स. त्याला उपकरण, किमान संख्या, कमाल संख्या आणि फ्लॅग द्यायचे. फ्लॅगांत पीसीआय_आयआरक्यू_एमएसआयएक्स, पीसीआय_आयआरक्यू_एमएसआय आणि वायरीच्या पद्धतीसाठी पीसीआय_आयआरक्यू_आयएनटीएक्स हे तीन प्रकार येतात. शेवटच्याचे नाव जुन्या कर्नलांत पीसीआय_आयआरक्यू_लेगसी असे होते. तिन्ही दिल्यास कर्नल याच क्रमाने प्रयत्न करतो. परत येणारा आकडा धन असेल तर तेवढे व्हेक्टर मिळाले, ऋण असेल तर किमान गरजही भागली नाही.

हा परतलेला आकडा खरोखर वापरावा. मागितले ९ आणि मिळाले ४, तरी कमाल ९ गृहीत धरून रांगा उभारणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ते विकसकाच्या मोठ्या यंत्रावर चालतात आणि कमी कोअरांच्या आभासी यंत्रणेत कोसळतात. उपकरण एका व्हेक्टरवरही चालू शकत असेल तर किमान संख्या १ ठेवावी, आणि मिळाले तेवढ्यांत रांगा वाटून द्याव्यात.

जुन्या कोडमध्ये पीसीआय_एनेबल_एमएसआय आणि पीसीआय_एनेबल_एमएसआयएक्स_रेंज दिसतात. नव्या ड्रायव्हरात ती घेऊ नयेत. तसेच पीसीआय_डेव्ह रचनेतील आयआरक्यू हे सदस्य थेट वाचू नये. एन क्रमांकाच्या व्हेक्टरचा लिनक्समधील इंटरप्ट क्रमांक पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर या फंक्शनकडूनच घ्यावा.

पायरी ३: नोंदणी

नोंदणीचे रिक्वेस्ट_आयआरक्यू हे फंक्शन परत येण्याआधीच हँडलर (इंटरप्ट आल्यावर कर्नल बोलावतो ते आपले फंक्शन) चालू शकतो, असे समजूनच पुढचा क्रम लावावा. हँडलर ज्या रांगा, लॉक आणि बफर वापरणार ते सर्व आधी तयार हवे. त्याही आधी उपकरणाचे इंटरप्ट त्याच्या स्वतःच्या रजिस्टरातून बंद करून घ्यावेत, कारण फर्मवेअरने किंवा याआधी चाललेल्या कर्नलने ते चालू सोडलेले असू शकतात. नोंदणी पूर्ण झाल्यावर, सर्वांत शेवटी, उपकरणाला इंटरप्ट पाठवण्याची परवानगी द्यावी.

येथे एक बारीक सापळा आहे. नोंदणीत दिलेल्या नावाची प्रत कर्नल करत नाही, तो केवळ त्याचा पत्ता जपतो. रांगेचा क्रमांक जोडून स्टॅकवरील बफरात नाव तयार केले, तर फंक्शन संपताच तो पत्ता निरर्थक होतो आणि /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल वाचताना कचरा दिसतो. नाव रांगेच्या रचनेतच साठवावे. हँडलरला दिला जाणारा संदर्भही त्या-त्या रांगेच्या रचनेचा असावा, म्हणजे कोणती रांग ते शोधण्याचे काम उरत नाही. आणि पाच नोंदण्यांपैकी चौथी फसली तर आधीच्या तीन सोडवूनच त्रुटी परत करावी.

एमएसआयला आयआरक्यूएफ_शेअर्ड या फ्लॅगची गरज नसते. वायरीच्या पद्धतीवर उतरण्याची सोय ठेवली असेल तर मात्र तेथे तो लागतोच, आणि मग इंटरप्ट आपला नसल्यास हँडलरने आयआरक्यू_नन हेच उत्तर द्यायला हवे. हे उत्तर प्रामाणिक असणे गरजेचे आहे: १,००,००० पैकी ९९,९०० हून अधिक वेळा कोणीच इंटरप्ट स्वीकारला नाही, तर कर्नल तो क्रमांकच बंद करतो.

पायरी ४: हँडलर

या पायरीवर थांबून विचार करावा लागतो, कारण एकदाच चुकणारा तो इंटरप्ट येथेच हरवतो.

वायर धरून ठेवलेली असते. हँडलरने काही काम विसरले तरी वायर खालीच राहते आणि हँडलर पुन्हा बोलावला जातो. संदेश एकदाच येतो. तो आल्यावर आपण अर्धवट काम करून परतलो, तर आठवण करून देणारे कोणी नसते. बरीच उपकरणे स्थिती-रजिस्टर शून्यावरून अशून्य होताना एकच संदेश पाठवतात. समजा, स्थितीत दोन बिट उभे होते, हँडलरने एकाच बिटाची पोच दिली आणि तो परतला. रजिस्टर शून्य झालेच नाही, म्हणून पुढची घटना घडली तरी नवा संदेश निघत नाही. ड्रायव्हर उपकरणाची वाट पाहतो, उपकरण ड्रायव्हरची, आणि दोघेही तसेच राहतात.

दुसरी चूक क्रमाची. रांगेतील काम आधी संपवायचे आणि पोच मागून द्यायची, हे वायरीवर खपून जाते. संदेशाच्या जगात काम संपणे आणि पोच पोहोचणे यांच्या मधल्या फटीत नवी घटना आली, तर आपली पोच तिचाही बिट पुसते आणि ती घटना कोणी पाहत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: स्थिती वाचावी, जेवढे बिट वाचले तेवढ्यांचीच पोच द्यावी, सरसकट सर्व बिटांची नव्हे, मग काम करावे, आणि स्थिती पुन्हा वाचून ती शून्य असेल तरच परतावे. हे चक्र अनंत होऊ नये म्हणून फेऱ्यांना मर्यादा घालून उरलेले काम थ्रेडवर किंवा वर्क-रांगेवर सोपवता येते.

नेटवर्कच्या ड्रायव्हरांत नॅपी पद्धतीने हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. हँडलर त्या रांगेचा इंटरप्ट उपकरणात बंद करतो आणि पोल-फंक्शन पॅकेट उचलते. पॅकेट संपल्यावर नॅपी_कम्प्लीट_डन म्हणून इंटरप्ट पुन्हा चालू करायचा असतो. शेवटचे पॅकेट तपासल्यावर आणि इंटरप्ट चालू होण्यापूर्वी जे पॅकेट येईल त्यासाठी आपले उपकरण चालू करतानाच संदेश पाठवते का, हे त्याच्या दस्तऐवजात पाहावे. पाठवत नसेल तर चालू केल्यानंतर रांग आणखी एकदा तपासणे अपरिहार्य आहे.

'एज्यू'च्या बाबतीत एक इशारा द्यायला हवा. जुना बिट उभा असला तरी ते प्रत्येक घटनेला नवा एमएसआय संदेश पाठवते. त्यामुळे पोच विसरलेला हँडलरही त्यावर चालताना दिसेल. हे त्या उपकरणाचे औदार्य आहे. खरे कार्ड ते दाखवेलच असे नाही. म्हणून हेक्स ६४ वरची पोच तेथेही नेमाने द्यावी.

डेटा आधी की इंटरप्ट आधी

वायरीच्या काळात एक जुनी अडचण होती: उपकरणाने डीएमएने लिहिलेला डेटा अजून वाटेतल्या ब्रिजमध्ये असतानाच वायरीवरून इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोहोचू शके. त्यावर उपाय म्हणून हँडलर उपकरणाचे एखादे रजिस्टर वाचत असे. त्या वाचनाचे उत्तर येण्यापूर्वी आधीची सारी लेखने मेमरीत पोहोचवली जात. एमएसआय स्वतःच एक लेखन आहे आणि त्याच मार्गाने जाणारे लेखन आधीच्या लेखनाला ओलांडून जात नाही. त्यामुळे शिथिल क्रमाची सवलत न घेता पाठवलेला डेटा संदेशाच्या आधीच मेमरीत पोहोचलेला असतो आणि केवळ त्यासाठी केलेले वाचन काढून टाकता येते. ही बचत लहान नाही, कारण रजिस्टर वाचताना प्रोसेसर उत्तर येईपर्यंत अडकून राहतो. प्रत्येक रांगेला स्वतंत्र एमएसआय-एक्स व्हेक्टर असेल तर कारण शोधण्यासाठीही वाचनाची गरज उरत नाही, आणि चांगल्या उपकरणाच्या हँडलरात एकही रजिस्टर-वाचन नसते.

बसने क्रम राखला म्हणून प्रोसेसरही राखेल, असे मात्र समजू नये. डिस्क्रिप्टरचा (रांगेतील एका कामाच्या नोंदीचा) 'पूर्ण' बिट वाचल्यावर त्यातील बाकीचे रकाने वाचण्याआधी डीएमए_आरएमबी हा वाचनांचा क्रम राखणारा अडसर लागतोच. एक्स८६वर तो विसरला तरी बहुधा काही बिघडत नाही; आर्मवर बिघडते.

पायरी ५: अनेक व्हेक्टर, लॉक आणि कोअर

एकच व्हेक्टर असताना त्याचा हँडलर एका वेळी एकाच कोअरवर चालतो. व्हेक्टर वाढले की दोन हँडलर दोन कोअरांवर एकाच क्षणी चालतात, आणि आजवर आपोआप सुरक्षित असलेला सामाईक डेटा उघडा पडतो. शक्य तेथे प्रत्येक रांगेचा डेटा पूर्णपणे वेगळा ठेवावा. नाइलाज असेल तेथे स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत कोअर जागीच फिरत वाट पाहतो असा लॉक) घ्यावा. हाच लॉक हँडलरबाहेरच्या कोडमध्येही घेतला जात असेल, तर तेथे स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरणे बंधनकारक आहे, नाहीतर लॉक हातात असताना त्याच कोअरवर इंटरप्ट येऊन हँडलर त्याच लॉकसाठी कायमचा फिरत राहील.

व्हेक्टर कोअरांवर वाटण्यासाठी पीसीआय_आयआरक्यू_अॅफिनिटी हा फ्लॅग द्यावा. उपकरणाला नियंत्रणासाठी वेगळा व्हेक्टर हवा असेल, तर पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स_अॅफिनिटी या फंक्शनला प्री_व्हेक्टर्सची, म्हणजे वाटणीतून वगळायच्या सुरुवातीच्या व्हेक्टरांची, संख्या सांगता येते. एसएसडींसाठीचा एनव्हीएमईचा ड्रायव्हर असेच करतो: पहिला व्हेक्टर प्रशासन-रांगेसाठी बाजूला आणि उरलेले वाचन-लेखनाच्या रांगांसाठी सर्व कोअरांवर पसरलेले. ड्रायव्हर शिकणाऱ्याने तो कोड अवश्य वाचावा.

या फ्लॅगची किंमत अशी की ही वाटणी मग कर्नलच्या ताब्यात जाते. वापरकर्त्याला ती बदलता येत नाही. व्हेक्टरला नेमलेल्या कोअरांपैकी शेवटचा बंद झाला, तर तो इंटरप्टही बंद केला जातो. ब्लॉक-उपकरणांच्या थरात याची काळजी घेतलेली आहे. आपल्या ड्रायव्हरात ती घेतलेली नसेल, तर हा फ्लॅग न देणे बरे.

पायरी ६: खरेच चालू आहे का

एलएसपीसीआय हा आदेश रूट म्हणून, दोन व्ही देऊन चालवावा. एमएसआय किंवा एमएसआय-एक्सच्या ओळीत 'एनेबल' पुढे अधिकचे चिन्ह हवे, आणि कंट्रोलच्या ओळीत 'बसमास्टर' पुढेही तेच चिन्ह हवे. पायरी १ मधील चूक या ओळीत लगेच पकडली जाते. त्यानंतर /प्रॉक/इंटरप्ट्स या फाइलमध्ये आपल्या नावापुढचे आकडे पाहावेत. एकाच कोअरच्या रकान्यात सर्व वाढ होत असेल तर वाटणी झालेली नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या डिरेक्टरीत) उपकरणाच्या फोल्डरात एमएसआय_आयआरक्यूज नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यातील प्रत्येक फाइलचे नाव म्हणजे एक इंटरप्ट क्रमांक.

वायरीवर उतरण्याची सोय लिहिली असेल तर तीही चालवून पाहावी. कर्नलला पीसीआय=नोएमएसआय हा पर्याय देऊन यंत्र सुरू केले की अशी सोय असलेले सर्व ड्रायव्हर वायरीच्या पद्धतीवर येतात. न चाचपलेली पर्यायी वाट असण्यापेक्षा नसलेली परवडते.

पायरी ७: झोप आणि निरोप

यंत्र झोपून उठल्यावर एमएसआयची कॉन्फिगरेशन पीसीआयचा थर पूर्ववत करतो. व्हेक्टर सोडून पुन्हा मागण्याची गरज नसते. कोणत्या रांगेने कोणता व्हेक्टर वापरावा ही उपकरणाच्या स्वतःच्या रजिस्टरांतील माहिती मात्र ड्रायव्हरनेच परत लिहायची असते. उपकरण आपल्या खाजगी रजिस्टरातून रीसेट करत असाल आणि त्यात एमएसआय-एक्सचा तक्ता पुसला जात असेल, तर आधी स्थिती जतन करून नंतर ती परत बसवावी लागते.

ड्रायव्हर काढताना क्रम बरोबर उलटा असतो. इंटरप्ट पुन्हा चालू करू शकणारे टायमर व वर्क आधी रद्द करावेत. मग उपकरणात इंटरप्ट बंद करावेत आणि ते लेखन खरोखर पोहोचावे म्हणून तेच रजिस्टर एकदा वाचावे. येथे मात्र हे वाचन हवेच. त्यानंतर प्रत्येक व्हेक्टरसाठी फ्री_आयआरक्यू, जे चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबते, आणि सर्वांचे झाल्यावरच पीसीआय_फ्री_आयआरक्यू_व्हेक्टर्स. रांगांची मेमरी त्यानंतर सोडावी. मॉड्यूल चढवणे आणि उतरवणे, इंटरप्टचा मारा चालू असताना, शंभर वेळा एका शेल-लूपमध्ये करून पाहावे. या क्रमात चूक असेल तर ती बहुधा येथे उघडी पडते.